तीन ग्रॅमचा जिग

आमच्या घरातली सकाळ बाबांच्या मालकीची होती. आई हॉस्पिटलच्या अपघात विभागात डॉक्टर, तिच्या शिफ्ट्स उलट्यासुलट्या, त्यामुळे स्वयंपाकघर बाबांनी मी लहान असतानाच ताब्यात घेतलं होतं. ते शहराच्या कौन्सिलमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, रस्त्यांच्या खात्यात इंजिनियर. सहाला उठायचे, कणीक भिजवायचे, रेडिओवर ट्रॅफिकच्या बातम्या लावायचे, आणि लीड्सच्या रिंग रोडवर कुठे खोळंबा झालाय असं निवेदिका म्हणाली की पोळी लाटता लाटता तिच्याशी वाद घालायचे. वरच्या खोलीत मला आधी लाटण्याचा आवाज यायचा, मग बॉयलर सुरू झाल्याचा धप्प आवाज, मग शेजारचे गृहस्थ गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायचे तो. बाहेर थंडी किती आहे ते मी त्या खरवडण्यावरून ओळखायचे. खाली येईपर्यंत माझा डबा तयार असे. फॉइलमध्ये गुंडाळलेल्या तीन पोळ्या, मटकीची उसळ किंवा बटाट्याची भाजी, आणि पुण्याहून आलेल्या लिंबाच्या लोणच्याची एक फोड. तीही वेगळ्या फॉइलमध्ये, तेल पुस्तकांना लागू नये म्हणून.

त्या हिवाळ्यात मी एकोणीस वर्षांची होते. रोज सकाळी तो डबा बॅगेत टाकून मी मेडिकल स्कूलला निघायचे आणि तिथे जायचे नाही.

हे कसं सुरू झालं ते मी आजही कुणाला धड सांगू शकत नाही. मला रक्ताची भीती वाटत नव्हती, डिसेक्शनच्या खोलीत चक्कर येत नव्हती, अभ्यास जड जात नव्हता. फक्त बसवत नव्हतं. ऑक्टोबरमध्ये एका लेक्चरच्या मध्येच मी पाण्याची बाटली भरायला म्हणून उठले, बाटली भरली, आणि रस्त्याकडच्या दाराने बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी वाटलं, आज जाऊ. त्या दिवशीही गेले नाही. माझ्या ट्यूटरना ईमेल केला की मला ग्लँड्युलर फीव्हर, तो आठवडेच्या आठवडे रेंगाळणारा ताप, झालाय. त्यांचं काळजीचं उत्तर आलं, आणि तेव्हापासून खोटं सांभाळणं हेच माझं रोजचं काम झालं. आई संध्याकाळी विचारायचीच, आज काय शिकलीस. मी पुस्तकातलं एखादं प्रकरण बसमध्ये वाचून ठेवायचे आणि तिला सांगायचे. ती मन लावून ऐकायची आणि मध्येच माझं मराठी दुरुस्त करायची. 'ती हाड नाही गं, ते हाड.' तिची वीस वर्षं त्याच हॉस्पिटलात गेली होती, पण ती कन्सल्टंट, म्हणजे विभागातली वरिष्ठ तज्ज्ञ, झाली नव्हती. भारतातली डिग्री, मध्ये माझा जन्म, मग हुकत गेलेल्या परीक्षा. तिने ते कधी दुःख म्हणून बोलून दाखवलं नाही. पण मला मेडिकलची ऑफर आली तेव्हा ते पत्र तिने लॅमिनेट करून आणलं होतं.

आता इतक्या वर्षांनी मी शाळेत गणित शिकवते. वर्गात एखादं पोर खिडकीबाहेर बघत पाय हलवत बसलेलं दिसलं की माझे सहकारी त्याला हटकतात. मला ते जमत नाही. असे हलणारे पाय मला माहीत आहेत.

तर त्या दिवसांत मी चालायचे. शहराच्या मध्यातून कॅनॉलच्या काठाने निघायचं, कर्कस्टॉलच्या पडक्या मठाच्या बाजूने पुढे जायचं, पाय दुखेपर्यंत चालायचं आणि तीनच्या सुमाराला बस पकडून परत यायचं. एका ओल्या सकाळी पाऊस आडवा यायला लागला म्हणून मी काठावरच्या एका दुकानाच्या आत शिरले. मासे पकडायच्या सामानाचं दुकान होतं ते. काउंटरमागे साठीची, आखूड केसांची, दोन स्वेटर घातलेली बाई एका चाकाला दोरा गुंडाळत बसली होती. तिचं नाव पॉलीन. हे नाव कळायला मला दोन आठवडे लागले, कारण ती कामाशिवाय बोलायची नाही. नवरा आजारी, वरच्या मजल्यावर झोपून असायचा. त्याच्या खोकल्याचा आवाज आला की ती मान वर करायची आणि थांबला की पुन्हा खाली घालायची.

'काही हवंय, का नुसती कोरडी होतेयस?' तिने विचारलं. यॉर्कशरच्या बायका सगळ्यांना लावतात ते 'लव्ह' तिने शेवटी लावलं, पण सवयीने.

मी म्हणाले, मला मासे पकडायचे आहेत. असं मी का म्हणाले असेन? बाहेर पाऊस होता आणि मला अजून पाच तास काढायचे होते.

तिने मला सगळ्यात साधा रॉड दिला, लायसन्स काढायला लावलं आणि मग भिंतीवरचा एक चपटा खण ओढला. आत छोट्या छोट्या कप्प्यांत जिग होते. जिग म्हणजे धातूचा वाटाण्याएवढा गोळा, त्यातूनच निघालेला वाकडा गळ, आणि गळावर ओवलेली रबरी शेपटी, छोट्या मासोळीसारखी. सगळं मिळून माझ्या करंगळीएवढं. मी लगेच सगळ्यात चमकदार आणि जड होता तो उचलला. पॉलीनने तो माझ्या हातातून काढून परत ठेवला.

'हा उन्हाळ्यातला. पाणी गरम असतं तेव्हा पर्च पाठलाग करतो. आता करणार नाही. गार पाण्यात त्याच्या अंगात तेवढा जोरच नसतो. जड जिग दगडासारखा खाली जातो, मासा बघेबघेपर्यंत संपलं. तीन ग्रॅमचा घे. हळू पडतो.'

'आणि रंग?'

'पाणी बघून. गढूळ असेल तर भडक, केशरी नाहीतर पिवळा. दोन दिवस पाऊस नसेल तर हा करडा.' मग तिने पक्कड घेतली आणि गळाच्या टोकामागचा उलटा दात दाबून सपाट केला. 'प्रत्येक नवा जिग घेतलास की आधी हे करायचं. माशाला सोडताना सोपं जातं. आणि तुलाही.'

पर्च हा मासा मी तोवर पाहिलाही नव्हता. हिरवट अंग, त्यावर कुणी ब्रशने ओढावेत असे काळे पट्टे, पोटाखाली शेंदरी पंख, आणि पाठीवर काट्यांचा पंखा जो तो रागावला की उभारतो. हिवाळ्यात हे मासे उथळ पाणी सोडून खोल जागी गोळा होतात. बोटी वळवायला कॅनॉल जिथे रुंद केलेला असतो तिथे, किंवा पुलाखाली, किंवा बांधून ठेवलेल्या बोटींच्या पोटाशी. पहिले बारा दिवस मला एकही मिळाला नाही. मी जिग टाकायचे आणि लगेच गुंडाळायला लागायचे. तो पाण्यात आहे आणि मी काही करत नाहीये, हे मला सहन व्हायचं नाही. पॉलीन एकदा दुकानाला कुलूप लावून माझ्यापाशी येऊन उभी राहिली. थोडा वेळ बघितल्यावर म्हणाली, 'तू त्याला घाबरवतेयस. तळाला टेकू दे. आता रॉड एवढाच उचल.' तिने दोन बोटांत अंतर दाखवलं. 'परत पडू दे. आणि थांब.'

'किती वेळ?'

'तुला वाटतं त्याच्या दुप्पट.'

ती निघून गेली आणि मी थांबले. बोटं बधिर झाली होती, रॉडच्या कड्यांत बर्फाचे कण धरले होते, ते मी तोंडाच्या वाफेने वितळवत होते. उचलायचं, पडू द्यायचं, थांबायचं. सहाव्या का सातव्या वेळी, जिग खाली पडत असताना, दोऱ्यातून माझ्या बोटाला कुणी नखाने टिचकी मारावी तसं काहीतरी लागलं. मी रॉड उचलला आणि तो जिवंत झाला. मासा माझ्या तळहाताएवढाच होता. मी हात ओला केला, गळ काढला, त्याला पाण्यात धरलं, आणि तो शेपटीचा एक फटका मारून गेला. मग मी काठावरच्या पायरीवर बसून डबा उघडला आणि तिन्ही पोळ्या खाल्ल्या. त्या आठ-नऊ आठवड्यांत माझे पाय शांत असायचे ते फक्त त्या थांबण्यात, जिग तळाला टेकल्यापासून पुन्हा उचलेपर्यंत. बाकी दिवसभर, आणि घरी तर जास्तच, मी आतून धावत असायचे.

डिसेंबरात आईने विचारलं, ॲनाटॉमीची टेस्ट कशी झाली. माझ्या तोंडून निघून गेलं, 'अडुसष्ट टक्के.' मला वाटलं होतं ती म्हणेल, अजून हवे होते. तिने चमचा खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि उठून पुण्याला मावशीला फोन लावला. मी जिन्यात उभी राहून तिचं बोलणं ऐकत होते. 'अगं, पहिल्याच टेस्टमध्ये. मला तर पहिल्या वर्षी पन्नास पडले होते.' बाबांनी त्या संध्याकाळी गाजराचा हलवा केला. गाजरं किसताना त्यांचं बोट सोललं गेलं, ते बँडेज लावून पुन्हा किसत बसले. मी हलवा दोनदा घेतला, कारण एकदाच घेतला असता तर त्यांनी कारण विचारलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी कॅनॉलवर पोचले तेव्हा काठाजवळ पातळ बर्फ धरला होता. पॉलीनच्या दुकानातून एक नवा करडा जिग घेतला, बाहेर येऊन घाईघाईने बांधला आणि दात दाबायचा विसरले. विसरले म्हणते, पण लक्षात होतं. पक्कड मागायला पुन्हा आत जायचा कंटाळा केला. त्या दिवशी मला कशाचीच वाट बघवत नव्हती. चौथ्या-पाचव्या फेकीला जिग एका बोटीच्या दोरखंडात अडकला. अशा वेळी दोरा सैल सोडून बाजूने हलकेच ओढायचं असतं, हे मला पाठ होतं. मी दोरा हाताला गुंडाळला आणि सगळ्या ताकदीनिशी खेचला. जिग सुटला आणि थेट माझ्याकडे आला. डाव्या अंगठ्याच्या बुडाशी, तळहाताच्या मांसल भागात, गळ वाकणापर्यंत आत गेला होता. रक्त फारसं नव्हतं. रबरी शेपटी हलत होती.

पॉलीनने हात उलटा-सुलटा करून बघितला. 'दात आहे ना?'

मी मान हलवली.

'मग मी हात लावणार नाही. अंगठ्याच्या शिरा असतात इथे. ए अँड ईला, अपघात विभागात जायचं.'

'ब्रॅडफर्डला नेशील का?'

'ब्रॅडफर्डला? अगं, दहा मिनिटांवर लीड्सचं हॉस्पिटल आहे.'

'तिथे माझी आई आहे.'

पॉलीनने दोरा कापला, शेपटी काढून टाकली, वरच्या मजल्याकडे तोंड करून नवऱ्याला ओरडून सांगितलं की अर्ध्या तासात येते, आणि मला व्हॅनमध्ये बसवलं. लीड्सच्याच हॉस्पिटलच्या दारात सोडताना एवढंच म्हणाली, 'आई आहे म्हणजे बरंच आहे की.'

रिसेप्शनला मी भलतंच नाव सांगितलं, प्रिया शाह. जन्मतारीखही खोटी दिली. वाटलं, एवढं मोठं डिपार्टमेंट, वीसेक डॉक्टर, आई दुसरीकडेच असेल. दीड तासाने मला एका पडद्याआड बसवलं. पायांची हालचाल थांबत नव्हती, कागदी चादर फाटत होती. मग पडदा सरकला आणि आई हातातल्या कागदाकडे बघत इंग्लिशमध्ये म्हणाली, 'मिस शाह? मी डॉक्टर...' आणि मान वर केली.

तिने आधी माझा हात बघितला, मग चिखलाचे बूट, मग कागदावरचं नाव. 'आज लेक्चर नव्हतं?' तिने मराठीत विचारलं.

'ऑक्टोबरपासून जात नाहीये.'

तिने कागद घडी करून खिशात ठेवला. 'मी तुला ट्रीट करू शकत नाही. स्वतःच्या माणसांना करत नाहीत,' असं म्हणून ती गेली आणि एका तरुण डॉक्टरला घेऊन आली. त्याचं नाव टॉम, माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा असेल, मानेवर दाढी करताना कापल्याची खूण. त्याने गळ आधी कधी काढला नव्हता. हाताला बधिर करायचं इंजेक्शन देताना त्याच्या कपाळावर घाम होता. आई त्याच्या खांद्यामागे उभी राहून शांत आवाजात सांगत होती. जाड धाग्याचा फास गळाच्या वाकणात अडकव. दुसऱ्या हाताने जिगचं डोकं कातडीकडे दाब, म्हणजे दात आत मोकळा होईल. आता धागा कातडीला समांतर, एकदम, जोरात. विचार करत बसू नकोस. त्याने खेचलं. गळ सुटून भिंतीवर टण्णकन आपटला. 'व्हेरी नाइस,' आई म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी बघत राहिले. मग मी तिच्याकडे बघितलं. ती त्याच्याकडेच बघत होती, पण तिला त्याच्या जागी कोण दिसत होतं ते मला कळलं.

तिची शिफ्ट संपेपर्यंत मी बाहेरच्या खुर्च्यांवर बसून होते. संध्याकाळी गाडीत बसल्यावर तिने किल्ली फिरवली नाही.

'कुठे जात होतीस?'

'कॅनॉलवर. मासे पकडायला.'

'खातेस?'

'नाही. सोडून देते.'

'सोडून देतेस,' ती म्हणाली. मग, 'अडुसष्ट?'

'खोटा होता. सगळा खोटा सांगितली मी.'

एवढ्याशा बोलण्यात माझ्या मराठीच्या कितीतरी चुका झाल्या होत्या. तिने एकही दुरुस्त केली नाही. मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. मी म्हणाले, 'आई, मला तिथे बसवत नाही. मला नाही व्हायचं डॉक्टर.' ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. 'बाबांना तू सांगायचं,' ती म्हणाली. 'मी सांगणार नाही.'

बाबा ओट्यापाशी कांदा चिरत होते. मी दारात उभं राहून सगळं सांगितलं, बाटली भरायला उठले तिथपासून. त्यांनी गॅस बंद केला, रेडिओ बंद केला, हात पुसले आणि खुर्चीवर बसले. ते ओरडतील याची मी मनाची तयारी केली होती. ते बँडेजमधल्या माझ्या हाताकडे बघत म्हणाले, 'दिवसभर बाहेर असायचीस? एवढ्या थंडीत?' आणि मला रडू फुटलं. ऑक्टोबरपासून मी एकदाही रडले नव्हते.

आई पुढचे सहा दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. सातव्या दिवशी तिने रजा काढली, इस्त्रीची साडी नेसली, वर हिवाळी कोट घातला आणि म्हणाली, 'चल. ईमेलने आजारी पडलीस. सोडायचं ते तोंडाने सांगायचं.' आम्ही बसने मेडिकल स्कूलला गेलो. ट्यूटर पांढऱ्या केसांचे, सौम्य गृहस्थ होते. आई इंग्लिशमध्ये एवढंच म्हणाली, 'माझ्या मुलीला तुम्हाला काही सांगायचंय,' आणि मांडीवर पर्स धरून बसली. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, असं होतं, तू पहिली नाहीस. माझी जागा ते वर्षभर राखून ठेवू शकतात. विश्रांती घ्यायची, पुढच्या सप्टेंबरला परत यायचं. आत्ता फक्त हो म्हणायचं.

खोलीत रेडिएटरची घरघर चालू होती. मी आईकडे बघितलं. ती काहीतरी बोलेल असं मला वाटत होतं, ते दोघंही वाट बघतायत असं वाटत होतं. आईची नजर टेबलाच्या कडेवर होती. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि पर्सच्या पट्ट्यावर तिची बोटं पांढरी पडली होती. मी आधी पाय जमिनीवर नीट टेकवले. मग म्हणाले, 'थँक यू. पण नको.'

ट्यूटरनी आईकडे बघितलं. ती उभी राहिली, हातमोजे घातले, त्यांचे आभार मानले. कॉरिडॉरमधून, दारातून, पायऱ्यांवरून ती माझ्या एक पाऊल पुढे चालत होती. बस स्टॉपवर आल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, 'मी तोंड उघडलं असतं ना, तर हो म्हणाले असते. तुझ्या वतीने.'

मी तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

'म्हणून नाही उघडलं,' ती म्हणाली, आणि येणाऱ्या बसला हात केला.